बांबर्ग: ओसरीवरची बिअर

न्युरेंबर्गहून उत्तरेकडे निघालेली साधी प्रादेशिक रेल्वेगाडी तासाभराच्या आत बांबर्गला पोहोचते. सात टेकड्यांवर आणि रेग्निट्झ नदीच्या दोन फाट्यांमध्ये वसलेलं हे गाव वस्तीने जेमतेम पाऊण लाखाचं. दुसऱ्या महायुद्धाच्या बाँबफेकीतून ते बरंचसं वाचलं आणि 1993 मध्ये युनेस्कोने त्याच्या जुन्या भागाला जागतिक वारसा ठरवलं. एवढ्याशा गावात आजही दहाच्या आसपास ब्रुअऱ्या आहेत. भोवतालच्या अप्पर फ्रँकोनिया प्रदेशात तर माणसांच्या प्रमाणात ब्रुअऱ्यांची संख्या जगात सर्वाधिक मानली जाते. जवळच एर्लांगेनला सीमेन्स आहे आणि खुद्द बांबर्गमध्ये बॉशचा मोठा कारखाना आहे. बॉश नाशिकच्या सातपूरमध्येही आहे, त्यामुळे कामानिमित्त इकडे येणारी मराठी माणसं आहेतच. त्यांनी आणि जर्मनीत फिरायला येणाऱ्या इतरांनीही जोडीदारासोबत इथे एक पूर्ण दिवस काढावा, असं मला मनापासून वाटतं. 'क्राफ्ट बिअर' हे शब्द जगाने अमेरिकेकडून उचलले. तिथली ही चळवळ 1960 आणि 70 च्या दशकांतली, मोठ्या कंपन्यांच्या एकसुरी बिअरला कंटाळलेल्या लोकांनी नव्याने उभी केलेली. बांबर्गमध्ये ती उभी करावी लागली नाही, कारण लहान ब्रुअरी इथे बंदच पडली नव्हती. 1980 च्या सुमारास पश्चिम जर्मनीत दर माणशी वर्षाला दीडशे लिटरच्या जवळपास बिअर प्यायली जाई. आज जर्मनीचा तोच आकडा नव्वदच्या आसपास आहे. गिऱ्हाईक असं आटत असताना या लहान ब्रुअऱ्या टिकल्या कशा? माझ्या मते त्या टिकल्या, कारण त्यांनी आपला माल लांब पाठवण्याच्या नादी न लागता तो आपल्याच ओसरीवर विकला. बांबर्गमधला दिवस असा आखावा की हे डोळ्यांनी दिसेल.

सुरुवात स्टेशनाजवळूनच करावी. रुळांच्या पलीकडे लाल-पिवळ्या विटांच्या इमारतींचा एक जुना कारखाना दिसतो. 1879 मध्ये स्थापन झालेला हा वायरमान यांचा माल्ट कारखाना. इथे मुख्यतः बिअर नव्हे, बिअरचं धान्य तयार होतं. माल्ट म्हणजे काय हे मराठी माणसाला समजवायला फार सायास नकोत. आपल्याकडे तान्ह्या मुलासाठी नाचणीचं सत्त्व करतात, तेव्हा नाचणी भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, वाळवतात आणि दळतात. बार्लीचंही तेच करायचं. मोड आले की दाण्यात पिष्टाची साखर करणारी पाचक द्रव्यं तयार होतात. ठरावीक वेळी दाणा वाळवला की मोड थांबतो आणि ती द्रव्यं दाण्यात राहतात. पुढे गरम पाण्यात कालवल्यावर त्यांच्यामुळेच गोड काढा तयार होतो आणि यीस्ट त्या साखरेचं मद्य करतं. दाणा किती तापवला यावर बिअरचा रंग आणि बरीचशी चव ठरते. वायरमानचा माल्ट शंभराहून अधिक देशांतल्या ब्रुअऱ्यांना जातो. जगभरातल्या कितीतरी नव्या क्राफ्ट ब्रुअऱ्यांच्या पाककृती या एका कारखान्याच्या पोत्यांवर उभ्या आहेत. आधी ठरवून गेलं तर कारखाना आतून पाहता येतो. नाही जमलं, तरी हवेत दरवळणारा भाजलेल्या धान्याचा वास घेऊन पुढे निघावं आणि एक गोष्ट लक्षात ठेवावी. माल्ट अशा मोठ्या कारखान्यातून विकत घेता येऊ लागला तेव्हा बहुतेक ब्रुअऱ्यांनी आपली स्वतःची माल्टची भट्टी बंद केली. खर्चाच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच होतं. श्पेत्सियाल आणि श्लेंकेर्ला या दोन घरांनी ते केलं नाही. त्यांच्याकडे आता जायचं आहे.

स्टेशनापासून दहा मिनिटं चाललं की ओबेरे क्योनिगश्ट्रासं नावाच्या रस्त्यावर श्पेत्सियाल आणि फेसला या दोन ब्रुअऱ्या जवळजवळ समोरासमोर दिसतात. श्पेत्सियाल 1536 ची. फेसला 1649 ची, म्हणजे तीस वर्षांचं युद्ध संपल्याच्या दुसऱ्याच वर्षीची. दोन्हींची ठेवण एकच आहे: रस्त्याकडे खाणावळ, वर मुक्कामाच्या खोल्या, मागच्या अंगणात ब्रुअरी. दरवाजातून आत शिरलं की एक रुंद बोळ लागतो आणि त्या बोळातल्या खिडकीतून बिअर विकली जाते. जवळपास राहणारी माणसं तिथेच उभ्याने अर्धा लिटर पिऊन, चार शब्द बोलून घरी जातात. आपल्या जुन्या घराची ओसरी जशी ना पूर्ण घरातली ना पूर्ण रस्त्यावरची, तसाच हा बोळ. आपल्या भाषेत दारूच्या जागेसाठी गुत्ता आणि हातभट्टी हे दोन शब्द चटकन आठवतात आणि दोन्ही उच्चारताना नाक मुरडलं जातं. जिथे मालक मागे बिअर बनवतो, पुढे जेवण वाढतो, वर प्रवाशांना झोपायला जागा देतो आणि दुपारी म्हातारे पत्ते खेळायला येतात, अशा घरासाठी मराठीत शब्द नाही, कारण असं घर आपल्याकडे नव्हतं. 2009 मध्ये पुण्यात एका जर्मन ब्रूमास्टरच्या साथीने डूलाली ही लहान ब्रुअरी सुरू झाली आणि जिथे बनते तिथेच प्यायची बिअर अनेक मराठी माणसांनी प्रथम पाहिली. तिची मूळ कल्पना या बोळांमध्ये दिसते.

श्पेत्सियालमध्ये पहिला पेला मागवावा तो राउखबिअरचा, म्हणजे धुराच्या बिअरचा. अंगणातल्या भट्टीत माल्ट अजूनही बीच लाकडाच्या आगीवर वाळवला जातो आणि लाकडाचा धूर दाण्यात मुरतो. चव धिटाईने वर्णन करायची तर भरतासाठी विस्तवावर भाजलेल्या वांग्याच्या सालीजवळ जो धूर राहतो, तो आधी जाणवतो. त्यामागून पावाच्या कडेचा गोडसरपणा येतो. श्पेत्सियालचा धूर सौम्य आहे, त्यामुळे सुरुवात इथूनच बरी. हा धूर म्हणजे पर्यटकांसाठी शोधलेली नवलाई असेल, अशी शंका येणं स्वाभाविक आहे. इतिहास उलट सांगतो. जिथे ऊन पुरेसं नव्हतं तिथे धान्य विस्तवावरच वाळवत, आणि लाकडाच्या विस्तवावर वाळवलेल्या धान्याला धुराचा वास लागायचाच. म्हणजे एके काळी युरोपात धुराची बिअर ही नेहमीची बिअर होती. पुढे गरम हवेच्या भट्ट्या आल्या, ज्यांत धूर बाहेर जातो आणि दाण्याला फक्त उष्णता लागते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत त्या सर्वत्र पसरल्या आणि धूर नाहीसा झाला. बिनधुराची बिअर लोकांना आवडली, यात नवल नाही. प्रश्न असा की बांबर्गमध्ये धूर का उरला? माल्ट कारखान्यातून आणला असता तर कारखान्याची चव आली असती. दूरच्या बाजारात विकायचं असतं तर त्या बाजाराच्या आवडीपुढे मान तुकवावी लागली असती. या घरांना दोन्हीची गरज पडली नाही. मागच्या अंगणात भट्टी होती आणि पुढच्या बोळात ती चव लहानपणापासून ओळखणारं गिऱ्हाईक होतं.

हेच अधिक ठळकपणे पाहायचं तर नदी ओलांडावी. पुलाच्या मधोमध उभा असलेला जुना टाउन हॉल गावाच्या प्रत्येक चित्रात असतो. तिथे थांबायला दहा मिनिटं पुरेत. पलीकडे कॅथिड्रलच्या टेकडीखाली श्लेंकेर्ला आहे. 1405 मध्ये नोंद सापडणारं हे घर आता ट्रुम घराण्याच्या सहाव्या पिढीकडे आहे. 'श्लेंकेर्ला' हे नाव एका जुन्या मालकाच्या लटपटत्या चालीवरून लोकांनी पाडलेलं; ब्रुअरीचं खरं नाव हेलर. इथली राउखबिअर गडद, 5.1 टक्क्यांची, आणि धूर श्पेत्सियालच्या दुप्पट वाटावा असा. ती लाकडी पिंपातून वाढली जाते. पिंप फळीवर चढवलेलं असतं आणि बिअर आपल्या वजनानेच तोटीतून उतरते. बाहेरून दाबाने वायू भरला जात नाही, म्हणून ती जिभेवर बोचत नाही. पिंप फोडलं की ते लवकर संपवावं लागतं, आणि लवकर तेव्हाच संपतं जेव्हा समोर रोजचं गिऱ्हाईक असतं. श्लेंकेर्ला एक साधी, बिनधुराच्या माल्टची फिकट बिअरही बनवते. तिच्यातही धुराची छटा उतरते, कारण ती त्याच तांब्याच्या भांड्यांत शिजते आणि तेच यीस्ट तिला आंबवतं. घराचा वास बिअरला लागतो, असं म्हणायला याहून चांगला पुरावा मिळणार नाही. यावर कोणी म्हणेल, श्लेंकेर्लाच्या बाटल्या तर परदेशातही मिळतात, मग एवढा प्रवास कशाला? मुद्दा रास्त आहे, आणि निर्यात करणारी श्लेंकेर्ला माझ्या म्हणण्याला थोडा छेद देते हेही मान्य करायला हवं. पण ही निर्यात अलीकडची आहे. ज्या काळात सारे जण धूर सोडून देत होते, त्या काळात ही बिअर या बोळातल्या लोकांनीच जगवली. गावातल्या बहुतेक इतर ब्रुअऱ्यांची बिअर फ्रँकोनियाच्या बाहेर सहज सापडत नाही.

लहान ब्रुअऱ्या का टिकल्या, याचं सर्वांत जास्त सांगितलं जाणारं उत्तर मात्र वेगळं आहे: शुद्धतेचा कायदा. बव्हेरियाच्या ड्यूकने 1516 मध्ये फर्मान काढलं की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही, कारण आंबवणारा सूक्ष्म जीव तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता. फर्मानाचा मोठा भाग किमती ठरवण्याचा होता आणि गहू पावासाठी राखून ठेवणं हाही हेतू असावा असं मानलं जातं. बांबर्गकर अभिमानाने सांगतात की त्यांच्या बिशपने असाच हुकूम 1489 मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षं आधीच काढला होता. बांबर्ग तेव्हा बव्हेरियात नव्हतं. ते बिशपचं स्वतंत्र राज्य होतं आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बव्हेरियाला जोडलं गेलं. हा इतिहास रंजक आहे, पण लहान ब्रुअरी का टिकली हे त्यातून कळत नाही. हाच नियम 1906 मध्ये साऱ्या जर्मनीला लागू झाला आणि लाखो हेक्टोलिटर काढणाऱ्या अजस्र कंपन्याही तोच पाळतात. कायदा पाळूनही शेकडो ब्रुअऱ्या बुडाल्या. खुद्द बांबर्गमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साठहून अधिक ब्रुअऱ्या होत्या. नियम साऱ्यांना एकच होता, तरी पाचांतली चार दारं बंद झाली. करव्यवस्थेचं मात्र श्रेय द्यायला हवं. जर्मनीत बिअरवरचा कर ब्रुअरीच्या आकारानुसार बदलतो आणि वर्षाला दोन लाख हेक्टोलिटरपेक्षा कमी बनवणाऱ्यांना सवलत मिळते. जितकी लहान तितकी सवलत मोठी. ओसरीवर विकणाऱ्याच्या पाठीशी सरकार एवढं तरी उभं राहिलं. तरी करसवलत गिऱ्हाईक आणून देत नाही.

दुसरं उत्तर पर्यटनाचं. जागतिक वारसा झाला, लोक आले, ब्रुअऱ्या जगल्या. आज श्लेंकेर्लाच्या दारात उन्हाळ्यात जी गर्दी असते ती पाहून हे पटूही शकतं. पण बांबर्गच्या पूर्वेला आउफझेस नावाचा खेड्यांचा समूह आहे. लोकसंख्या दीड हजारांच्या आसपास, ब्रुअऱ्या चार. दर माणशी सर्वाधिक ब्रुअऱ्या म्हणून गिनीज बुकाने 2000 मध्ये त्याची नोंद घेतली. आता त्या चार घरांना जोडणारी पायवाट आहे, साधारण चौदा किलोमीटरची, शेतांतून आणि रानांतून जाणारी. चालणारे आले ते अलीकडे. ब्रुअऱ्या त्यांच्या कितीतरी आधी, गावातल्या शेतकऱ्यांच्या तहानेवर जगत होत्या. बांबर्गमध्येही पर्यटकांच्या वाटेपासून थोडं बाजूला, वुंडरबुर्ग नावाच्या साध्या रहिवासी वस्तीत जावं. तिथे 1670 ची मार्स आणि 1867 ची केसमान समोरासमोर आहेत. मार्समध्ये जाऊन स्थानिक लोक नुसतं 'ऊ' म्हणतात आणि समोर पेला येतो. 'ऊ' म्हणजे 'उंगेश्पुंडेट' या शब्दाचं पहिलं अक्षर. आंबवताना पिंपाचं बूच घट्ट न लावता वायू निघून जाऊ देतात, म्हणून ही बिअर मवाळ, जवळजवळ बिनफेसाची. अशी बिअर ताजी प्यावी. एका वस्तीने आपली बिअर एका अक्षरात मागावी, हे मला साऱ्या ऐतिहासिक दाखल्यांहून मोलाचं वाटतं.

आता दोघांनीच का जावं, याविषयी. इथल्या खाणावळीत मोकळं टेबल मिळेपर्यंत कोणी थांबत नाही. मोठ्या टेबलाशी दोन जागा रिकाम्या दिसल्या की विचारून बसायचं असतं. फक्त नेहमीच्या मंडळींसाठी राखलेलं टेबल सोडायचं. सहा जणांचा घोळका अशा घरात मावत नाही आणि मावला तरी आपापसातच बोलत राहतो. दोघं मात्र कोणत्याही टेबलाच्या कोपऱ्यात बसू शकतात. शिवाय हिशोबाचंही कारण आहे. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये 25 मिलिलिटर, म्हणजे साधारण 20 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. पाच घरं पाहायची आणि प्रत्येकाने प्रत्येक ठिकाणी एक पेला घ्यायचा तर माणशी 100 ग्रॅम होतो, आणि तिसऱ्या घरानंतर चवीतला फरक कळेनासा होतो. पाच घरांऐवजी तीनच घ्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी दोघांत एक पेला मागवावा. माणशी 30 ग्रॅम होतात, दिवसभरात, जेवणासह आणि बऱ्याच चालण्यासह. गाडी चालवायचीच नसल्यामुळे कोणी एकाने आवरून राहायचा प्रश्नही उरत नाही. सोबत गावच्याच कांद्यात खिमा भरून राउखबिअरच्या रश्श्यासह वाढलेला पदार्थ मागवावा. बांबर्गमध्ये भाजीपाला पिकवणाऱ्या बागवानांची आख्खी वस्ती आहे, तीही वारशाचाच भाग, आणि तिच्यावरून गावकऱ्यांना 'कांदे तुडवणारे' म्हणतात. मांस न खाणाऱ्यांना चीज, पाव आणि बटाट्यावर भागवता येतं.

इथे मराठी वाचकाचा सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. आपल्याकडे दारू या शब्दामागे मोडलेले संसार आहेत. गडचिरोलीत लोकांच्या लढ्यानंतर 1993 मध्ये दारूबंदी झाली, इतरत्र गावोगावच्या बायकांनी आडव्या बाटलीला मत देऊन दुकानं बंद पाडली. त्या बायकांसमोर बिअरच्या चवीचं कौतुक करता येईल का? मला वाटतं, त्यांचा राग खरा आहे आणि त्यांचा मुद्दा जर्मनीतही खोटा ठरत नाही. मद्यार्क तोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 पासूनच त्याला कर्करोगकारक ठरवलं आहे. ही बिअर पारंपरिक आहे, शुद्ध आहे, म्हणून निरुपद्रवी आहे, असं म्हणणारा फसवतो आहे. तरीही पाहण्यासारखं काही उरतं. जिथे बनवणारा, विकणारा आणि पिणारा एकमेकांना नावाने ओळखतात, एकाच छताखाली जेवतात आणि तिथे घरातली आजीही येऊन बसते, तिथे पिण्यावर शेजाऱ्यांची नजर असते. निनावी दुकानात पिशवीतून मिळणाऱ्या दारूवर ती नसते. त्यामुळे धोका संपत नाही. पिण्याचा समाजाशी असलेला संबंध मात्र बदलतो. म्हणूनच दोघांपैकी एक जण पीत नसेल तरी हा प्रवास त्याचाही आहे. सफरचंदाचा रस सोड्यात घालून सगळीकडे मिळतो आणि भट्टी, पिंप, बोळ, टेबलं पाहायला पेला हातात असावाच लागत नाही.

दिवसाचा शेवट श्टेफान्सबेर्गच्या टेकडीवर करावा. बांबर्गमध्ये लोक तळघरात जायचं म्हणताना 'तळघरावर जाऊ' म्हणतात, आणि त्या शब्दामागचं कारण थंडीत आहे. इथलं यीस्ट गारव्यात आंबवणारं. 1553 मध्ये बव्हेरियात उन्हाळी बिअर काढायलाच बंदी झाली होती: 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल एवढाच हंगाम. बांबर्गचं राज्य वेगळं असलं तरी निसर्गाचं गणित तेच होतं. म्हणून हंगामाच्या अखेरीस काढलेली बिअर उन्हाळ्यासाठी टेकड्यांच्या वालुकाश्मात खोदलेल्या भुयारांत साठवत. भुयार गार राहावं म्हणून वर सावलीची झाडं लावत, आणि बिअर आत असताना लोक त्या झाडांखालीच प्यायला जमत. 1870 च्या दशकात कार्ल फॉन लिंडंची शीतयंत्रं म्युनिकच्या ब्रुअरीत आली आणि हळूहळू भुयारांची गरज संपली, पण झाडांखालची बाकं राहिली. श्पेत्सियालचं तळघर असंच. ज्या घरात पहिला पेला घेतला, त्याच घराची बिअर इथे वर, कॅथिड्रलचे चारही मनोरे समोर ठेवून मिळते. म्युनिकमध्ये 1812 मध्ये राजाने ब्रुअऱ्यांना अशा बागांत बिअर विकायची मुभा दिली, पण खाणावळवाल्यांचं पोट बुडू नये म्हणून जेवण विकायला मनाई केली. लोक आपलं खाणं घरून आणू लागले. फ्रँकोनियातल्या कितीतरी तळघरांवर आजही तसं चालतं, फक्त आधी विचारून घ्यावं. शेजारच्या बाकावर एखादं कुटुंब फडक्यात बांधून आणलेला पाव, मुळा आणि चीज पसरतं. दोघांकडे पोळी-भाजीचा डबा असेल तर तोही त्याच लाकडावर उघडता येतो, मधोमध एक दगडी मग ठेवून, न्युरेंबर्गच्या परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत.